बाळंतपणाच्या रजेनंतर: ठरलेली वेळ मागावी की ‘जमेल तशी’ वेळ?

रजा संपत आली की एचआरचा मेल येतो, रुजू होण्याची तारीख कळवा. कामाच्या वेळेत सवलत मागायची असेल, तर ती नेमकी कोणती हे तेव्हाच ठरवलेलं बरं. कमी तास, कमी पगार या पर्यायावर मी इथे फार लिहीत नाही. शिकवणं, काउंटर, दवाखान्यातली ड्यूटी अशी कामं तासांवरच मोजली जातात आणि तिथे तो खरोखर उपयोगी पडतो. टार्गेटवर चालणाऱ्या कामात मात्र पगार कमी होतो आणि टार्गेट जागचं हलत नाही, असं मी आजूबाजूला बरंच पाहिलं आहे.

पूर्ण पगार हवा असेल तर उरतात दोन वाटा आणि मी दोन्हींवरून गेले आहे. मुलीच्या वेळी मोकळी वेळ घेतली होती. दुपारचे काही तास ऑफिसात हजर, बाकीचं काम जमेल तसं पूर्ण करायचं. मुलाच्या वेळी ठरलेली वेळ मागितली. सकाळी आठ ते साडेचार, दूध काढण्यासाठी मधे दोन सुट्ट्या, आणि हे सगळं पत्रावर.

मोकळ्या वेळेचे फायदे खरे आहेत. सहा महिन्यांच्या आसपास बाळाचं वरचं खाणं सुरू होतं, झोपेचं गणित पुन्हा बदलतं. लस दिल्यावर ताप आला तर रात्र जाते. अशा रात्रीनंतर आठला टेबलाशी बसायचं नाही, हा फार मोठा दिलासा असतो. रजा न टाकता डॉक्टरांकडे जाऊन येता येतं. घरी सांभाळायला भरवशाचं माणूस असेल आणि बाळ वरच्या दुधावर असेल, तर ही व्यवस्था छान चालू शकते.

माझं मत फिरलं ते एकाच गोष्टीने. निघायची वेळ ठरलेली नसली की ती रोज नव्याने मागावी लागते. मीटिंग साडेतीनला ठरलेली असायची, सुरू व्हायची चारला. सव्वाचारला छाती दगडासारखी झालेली, कुर्ता ओला होईल म्हणून ओढणी पुढे घेतलेली, फोनवर पाळणाघरातल्या ताईंचा मेसेज, ‘उठली आहे, रडतेय.’ आणि समोरून कुणीतरी अगदी आपुलकीने म्हणायचं, ‘पाचच मिनिटं थांब ना.’ त्यांचा काही दोष नव्हता. मी ‘जमेल तसं’ म्हटलेलं होतं, त्यामुळे जमतंय की नाही हे ते विचारणारच. दर संध्याकाळी ‘निघू का?’ म्हणायचं, कारण सांगायचं आणि वर आभारही मानायचे, याचा शीण कामापेक्षा जास्त होता. शिवाय दूध वेळेवर निघालं नाही तर गाठी होतात, कधी तापही येतो. रोज एखादी वेळ चुकत राहिली तर दूध हळूहळू कमी होतं. शरीराला मीटिंग लांबल्याचं कळत नाही.

ठरलेल्या वेळेत हा प्रश्न जवळजवळ संपला. कॅलेंडरवर साडेचारनंतर रेघ मारलेली, दोन्ही सुट्ट्याही त्यावरच टाकलेल्या. सुरुवातीला एकदोघांनी पाचची मीटिंग टाकली, मी ‘उद्या सकाळी चालेल का?’ एवढंच लिहिलं. पुढे कुणी टाकली नाही. निघताना पर्स उचलायची, बस्स. पाळणाघरालाही एकच वेळ सांगता आली. आठ-नऊ महिन्यांचं बाळ आई दूर गेली की जास्त रडतं, तेव्हा रोज त्याच वेळी आई येते हे त्यालाही समजू लागतं, असं मला तरी वाटलं.

तोटे आहेतच. वाईट रात्रीची माफी नाही. सकाळी निघताना बाळ झोपलेलं असतं. आजारपणात तास इकडेतिकडे करता येत नाहीत, अख्खी रजा जाते. आणि टीम दुसऱ्या टाइम झोनमध्ये असेल, तर साडेचारची रेघ टिकवणं अवघड.

कायद्यावर किती विसंबायचं? भारतात मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली (आधीची दोन मुलं असतील तर १२ आठवडे), ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची आणि दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची तरतूद आली. रजेनंतर घरून काम करण्याचाही उल्लेख आला, पण कामाचं स्वरूप तसं असेल आणि दोन्ही बाजूंचं एकमत झालं तरच. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून वेळ बदलून मागता येते आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तिथेही हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नव्हे. म्हणून अर्ज कसा लिहिला आहे याला फार महत्त्व येतं.

अर्जात बाळाबद्दल एक ओळ पुरते. बाकी जागा वेळांना आणि कामाला द्या: किती ते किती, टीमबरोबरचे सामाईक तास कोणते, तुम्ही गेल्यावर तातडीचं काही आलं तर कोण बघेल. मॅनेजरशी आधी बोलून घ्या, मग मेल करा आणि लेखी होकार मागा. मॅनेजर बदलला की तोंडी कबुली उरत नाही. अप्रेजल कशावर होणार हेही त्याच मेलमध्ये विचारून ठेवा.

अजूनही मन दोन्हीकडे ओढत असेल, तर ठरलेली वेळ तीन महिन्यांसाठी मागा आणि फेरविचाराची तारीख अर्जातच घाला. ठरलेल्या वेळेतून मोकळ्या वेळेकडे जायला सहसा कुणी हरकत घेत नाही. मोकळ्या वेळेची सगळ्यांना सवय झाल्यावर साडेचारची रेघ मारायची म्हटलं, तर मात्र बरंच समजावत बसावं लागतं.