धम्मनासिकेतली धम्मसेवा : दहा दिवस दुसऱ्यांसाठी राबण्याचा अनुभव

नाशिकमध्ये सातपूरला शिवाजीनगर भागात, पाण्याच्या फिल्टरेशन प्लांटसमोर धम्मनासिका हे विपश्यना, म्हणजे श्वास आणि अंगावरच्या संवेदना पाहत बसण्याचं ध्यान, शिकवणारं केंद्र आहे. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिराबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. त्याच शिबिरात साधक म्हणून ध्यानाला न बसता धम्मसेविका, म्हणजे साधकांची सेवा करणारी, म्हणून राहिलं तर काय होतं, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. म्हणून हा रिव्ह्यू. माझी सिडकोत खानावळ आहे, अंबड एमआयडीसीतली मुलं जेवायला असतात. माणसांची काळजी घेणं हे माझं रोजचंच काम. तरीही या सेवेने जे शिकवलं ते मला खानावळीने शिकवलं नव्हतं.

आधी व्यवहाराचं सांगते. सेवेसाठी किमान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेलं लागतं. अशा माणसाला तिथे ‘जुना साधक’ म्हणतात. अर्ज ऑनलाइन होतो, साधकाचा वेगळा आणि सेवकाचा वेगळा. राहण्या-जेवणाची फी नाही, सेवेचा मोबदलाही नाही. शिबिराचा खर्च आधी शिकून गेलेल्यांच्या दानातून चालतो, ज्याने एकही शिबिर केलेलं नाही त्याचं दान घेतच नाहीत. नाशिकला ही रीत नवी नाही. पांडवलेणी या बौद्ध लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, शिलालेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) कायमचे ठेवले. 2000 वर महिना शेकडा एक आणि 1000 वर शेकडा पाऊण असं व्याज. मुद्दल परत मागायची नाही, व्याजातून लेण्यात वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहणाऱ्या वीस भिक्खूंच्या चिवरांचा (वस्त्रांचा) आणि किरकोळ गरजांचा खर्च भागवायचा. देणारा निघून गेला तरी कुणाच्या तरी अंगावर वस्त्र राहील, एवढा विचार त्यात होता. आज केंद्रावर जेवणारीलाही आपलं ताट कुणाच्या दानातून भरलं ते कळत नाही.

आता काम. पहाटे चारला घंटा. घंटा वाजवणारीला अर्थातच त्याआधी उठावं लागतं, आणि नाशिकची डिसेंबरातली पहाट काय असते ते इथल्यांना सांगायला नको. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, पाचला चहा. नव्या साधिकांना चहाबरोबर थोडं खाणं, जुन्यांना फक्त लिंबूपाणी. मधल्या वेळात कोण हॉलमध्ये आली नाही ते पाहायचं, कुणाची औषधाची वेळ सांभाळायची, कुणाचे गुडघे दुखत असतील तर खुर्चीसाठी शिबिर चालवणाऱ्या सहायक आचार्यांना विचारायचं, दुपारी प्रश्न विचारणाऱ्यांना क्रमाने आत सोडायचं. सेवेकऱ्यांनाही सकाळी आठ, दुपारी अडीच आणि संध्याकाळी सहा अशा तीन सामूहिक साधनांना बसावंच लागतं. शिवाय रात्री नऊनंतर आचार्यांसोबत मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणारी साधना. या बैठका सोडून नुसतं राबलं तर तिसऱ्या दिवसापर्यंत चिडचिड सुरू होईल, असं माझं मत आहे.

साधिकांचं आर्य मौन असतं. त्या आपल्याकडे बघत नाहीत, हसत नाहीत, आभार मानत नाहीत. मानायचेच नसतात. खानावळीत मुलगा ‘मावशी, आज आमटी एक नंबर’ म्हणतो आणि दिवसाचा शीण उतरतो. इथे तो शब्द येत नाही. आपण दिलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडलं, एवढ्यावरच थांबावं लागतं. पहिल्या दोन दिवसांत मन सारखं त्या शब्दाची वाट बघत होतं. ते माझं मला स्पष्ट दिसलं, कारण तिथे दुसरं काही बघायला नव्हतंच.

एका मुलीचं सांगते. ती खोलीबाहेर पायरीवर बसून रडत होती, घरी जायचं म्हणत होती. माझ्यातली मावशी लगेच उठली. जवळ घ्यावं, काय झालं विचारावं, आपलं काही सांगावं. सेवेचा नियम असा की सेविकेने सल्ला द्यायचा नाही, साधनेबद्दल तर अजिबात नाही. तिला सहायक आचार्यांकडे न्यायचं आणि बाहेर थांबायचं. मी तेवढंच केलं. तिला पाणी दिलं, सोबत चालले, दाराशी थांबले. आत काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. ती शेवटपर्यंत राहिली. दुसऱ्याचं दुःख हलकं करताना ‘मी केलं’ हा गोडवा आपण किती हक्काने चाखतो, ते त्या दाराशी उभं राहून कळलं. तो नियम मला आधी कोरडा वाटला होता. आता मला तो सगळ्या शिबिरातला सर्वांत मायाळू नियम वाटतो, कारण त्याने त्या मुलीचं दुःख तिचंच राहू दिलं.

दुसरा अभ्यास सेवेकऱ्यांमधलाच. वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या वयाच्या बायका एकत्र काम करतात. ताटं कशी लावायची यावरून मतभेद होतात. एकीचं बोलणं मला लागलं आणि कान गरम झाले. पण तासाभरात सामूहिक साधना होती. त्याच गरम कानांकडे बघत बसले, आणि राग हळूहळू ओसरताना अंगावर जाणवला. एकटीने ध्यान करताना राग येईल असं कुणी समोर नसतं. सेवेत समोर माणूस असतो आणि लगेच बसायची जागाही असते.

संयुक्त निकाय या पाली ग्रंथातल्या सेदक सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या एका उपदेशात, बांबूवरच्या कसरतीची गोष्ट आहे. गुरू शिष्याला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, तसं नको, आपण आपापला तोल सांभाळू, म्हणजे खेळ नीट होईल. बुद्ध शिष्याचं म्हणणं बरोबर ठरवतात, पण तिथे थांबत नाहीत. स्वतःला सांभाळण्याने दुसरा सांभाळला जातो, आणि क्षमा, अहिंसा, मैत्री, अनुकंपा यांतून दुसऱ्याला सांभाळताना आपणही सांभाळले जातो, असं ते दोन्ही बाजूंनी सांगतात. त्यातली दुसरी बाजू धम्मसेवेत हाताने शिकायला मिळते.

आमच्या बौद्ध समाजात काहींचं म्हणणं असतं की डोळे मिटून बसण्यापेक्षा वस्तीत काम करा. त्यांची कळकळ मला पटते. बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्रीवर जो भर दिला तो बसून राहण्यासाठी नव्हता. पण वस्तीत काम करणारी माणसं मानापमानावरून दुरावताना मी पाहिली आहेत. अशा कार्यकर्त्यांनी ही सेवा एकदा जरूर करावी.

विश्रांती हवी असेल तर मात्र इथे येऊ नका. मन नुकतंच फार दुखावलं असेल तर आधी सावरा, अर्जात तब्येतीचं खरं लिहा. थंडीत शाल, कानटोपी आणि पायमोजे न्या. हातावर पोट असणाऱ्यांना दहा दिवस काढणं अवघड असतं, मला खानावळ बहिणीच्या हवाली करता आली म्हणून जमलं. थोड्या दिवसांसाठीही सेवा देता येते, अर्ज करताना तसं कळवावं लागतं. नोंदणीच्या दिवशी आणि शेवटच्या सकाळच्या साफसफाईला जास्त हात लागतात, तेवढ्यापासून सुरुवात केली तरी चालेल.