स्थानिक संस्था की सीएसआरचा प्रकल्प: नेमणूकपत्रावर सही करण्याआधी

बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) करून फिल्डवर उतरणाऱ्यासमोर बहुतेक वेळा हीच जोडी येते. एकीकडे तालुक्याच्या गावातली, ताई-दादांनी उभी केलेली जुनी संस्था, हातात 15 हजार. दुसरीकडे कंपनीच्या सीएसआर (नफ्यातून समाजकार्यासाठी कायद्याने काढायच्या) निधीवर संस्था चालवते तो प्रकल्प, ऑफरमध्ये 25 हजार. दहा हजारांचा फरक बघून लगेच ‘हो’ म्हणू नका, आधी आकडा सोलून बघा.

सीएसआरच्या बजेटमधले 25 हजार म्हणजे सहसा सीटीसी, म्हणजे तुमच्यावर होणारा एकूण खर्च. पीएफ 15 हजारांच्या मर्यादेवर धरला, तर संस्थेचा 12 टक्के वाटा 1,800 आणि त्यावरचे विमा-प्रशासन शुल्क साधारण 150 यातूनच जातात. तुमचा वाटा आणखी 1,800. पुरुष असाल तर व्यवसाय कर 200. हातात 21,050 उरतात. कापलेल्यातले दोन्ही वाट्यांचे 3,600 पीएफ आणि त्यातल्या पेन्शनमध्ये तुमच्याच नावावर जमा होतात. स्थानिक संस्थेचे 15 हजार मात्र बरेचदा ‘मानधन’ असतं आणि त्यात पीएफ नसतो. 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. त्यामुळे निम्म्या लोकांना ‘सल्लागार’ किंवा ‘स्वयंसेवक’ दाखवून पट 19 वर ठेवणं ही जुनी युक्ती आहे. तुमच्या पत्रात यातला कुठलाही शब्द असेल तर पीएफ, ईएसआय (कर्मचारी आरोग्य विमा) आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी सेवेची रक्कम) या तिन्हींवर पाणी सोडल्यासारखं आहे. सल्लागार म्हणून दाखवलं तर 10 टक्के टीडीएसही (आगाऊ कापलेला आयकर) कापला जाऊ शकतो. रिटर्न भरल्याशिवाय तो परत मिळत नाही.

प्रवासखर्च दोन्हीकडे बघा. महिन्याला 1,200 किलोमीटर मोटरसायकल चालणार, 45 चा अ‍ॅव्हरेज आणि पेट्रोल 105 रुपये धरलं तर नुसतं इंधन 2,800 चं होतं. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग वेगळं. ‘प्रवासभत्ता 1,500 फिक्स’ असेल तर दरमहा 1,300 रुपये तुम्ही प्रकल्पाला देता आहात. दर किलोमीटरमागे मागा आणि तो पत्रात लिहून घ्या.

आता पगार उशिरा का होतो ते. अनुदान हप्त्यांनी येतं. पहिल्या हप्त्याचं विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) आणि लेखापरीक्षण गेल्याशिवाय दुसरा सुटत नाही. ते कागद वेळेवर करायला पूर्णवेळ अकाउंटंट लागतो, आणि नेमक्या त्याच्याच पगाराला बजेटमध्ये जागा नसते. परदेशी निधीत प्रशासकीय खर्चाची मर्यादा पूर्वी 50 टक्के होती, त्या निधीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीने ती 20 वर आली. प्रत्यक्ष कार्यक्रमातल्या माणसांचा पगार कार्यक्रमखर्चात बसवता येतो. अकाउंटंट, एचआर आणि कार्यालय त्या 20 टक्क्यांत कोंबावे लागतात. सीएसआरमध्ये 5 टक्क्यांची अट आहे ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर, पण बऱ्याच कंपन्या ती संस्थेच्या माथी मारतात. थोडक्यात, ढिसाळ कारभाराचं मूळ दरवेळी माणसांच्या वृत्तीत नसतं. कारभार करायला पैसेच मंजूर झालेले नसतात.

दैनंदिन व्यवस्थापनात मात्र दोघांचे रोग वेगळे. स्थानिक संस्थेत सगळे निर्णय एका माणसापाशी येऊन थांबतात. रजेचं रजिस्टर नसतं, रजा मागितली की निष्ठेचा प्रश्न होतो. एकाच कार्यकर्त्याला दोन प्रकल्पांत ‘पूर्णवेळ’ दाखवून दोन टाइमशीटवर सह्या घेतल्या जातात. ऑडिटमध्ये हे उघडं पडलं की सही तुमची असते. काही ठिकाणी बँकेत पूर्ण पगार जमा करून काही भाग ‘देणगी’ म्हणून परत मागतात. तिथे थांबूच नका.

सीएसआरमध्ये रोग आकड्यांचा. हजेरीचं अ‍ॅप सकाळी दहाला पंच मागतं, आणि बचत गटाच्या बायका शेतातून येऊन, स्वयंपाक आटोपून रात्री आठला बैठकीला बसतात. दिवस असा बारा तासांचा होतो, बदली सुट्टी कुणी लिहून देत नाही. प्रत्येक लाभार्थीमागे जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो लागतो. मार्चमध्ये उरलेला निधी खर्च करण्याची घाई सुटते आणि गरज नसलेली शिबिरं लागतात. करार 31 मार्चला संपतो, पुढची मंजुरी बरेचदा जून-जुलैत येते, आणि मधल्या महिन्यांत ‘काम चालू ठेवा, बघू’ असं तोंडी सांगितलं जातं. हे तोंडी महिने कधीच पूर्ण भरून मिळत नाहीत असं धरूनच चाला. बहुवार्षिक प्रकल्पही सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं टिकतो, त्यामुळे पाच वर्षांच्या ग्रॅच्युइटीपर्यंत पोचणं अवघड. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीच्या नेमणुकीला एका वर्षावर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. त्यासाठी पत्रात ‘मुदतीची नेमणूक’ असं स्पष्ट हवं.

तक्रारीचा रस्ता दोन्हीकडे अरुंद आहे. नव्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय आणि समाजसेवी संस्था ‘उद्योगा’च्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत, म्हणजे नोकरीच्या वादासाठी त्या संहितेतली वाट मिळत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती सक्तीची आहे. त्याहून लहान संस्थेत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावं लागतं.

आमचं मत सांगायचं तर, घरचा हप्ता किंवा भाडं तुमच्या पगारावर असेल तर सीएसआर घ्या, पण एप्रिल ते जूनचा खर्च आधीच बाजूला टाका. केसवर्क, संघटन, ग्रामसभा हे खरोखर शिकायचं असेल तर स्थानिक संस्था जास्त शिकवते; दोन वर्षं तिथे घालवणं वाया जात नाही. मात्र एक अट: मुलाखतीतच मागच्या वर्षीचा ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक मागा. धर्मादाय आयुक्तांकडे भरण्यासाठी ते तयार केलेलंच असतं, त्यामुळे ‘शोधावं लागेल’ हे उत्तर चालत नाही. वर्षाच्या पगारखर्चाला 12 ने भागा आणि बँकेतल्या शिलकीत असे किती महिने बसतात ते बघा. शिल्लक बघताना प्रकल्पाची अखर्चित रक्कम वजा करा, ती फंडरची (निधी देणाऱ्याची) असते. तीन महिन्यांपेक्षा कमी निघालं तर अनुदानाचा हप्ता पहिल्यांदा उशिरा आला की झळ तुमच्या पगारालाच बसेल. मग आतल्या दोन फिल्डवर्करना एकच गोष्ट विचारा: गेल्या वर्षभरात पगार कोणकोणत्या तारखांना जमा झाला? त्यांना फोनवरचे बँकेचे मेसेज दाखवता येतात.