एसीत गॅस भरून घ्यायचा की आधी लीकेज शोधायचं?

गाडीचा एसी गार करेनासा झाला की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: "गॅस संपलाय, भरून टाकू." पण हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. यंत्रणा बंदिस्त असते. होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षाकाठी किंचित झिरपतो, तेवढाच. एका उन्हाळ्यात भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्याआधी गेला, तर लीकेज आहेच.

मुळात गॅस कमी झालाय का, ते आधी बघा. हायवेला एसी गार आणि सिग्नलला कोमट, असं असेल तर पहिला संशय कंडेन्सरच्या, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या, पंख्यावर. हवाच कमी येत असेल तर केबिन फिल्टर. मग गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजणारं मीटर, लावून घ्या. एसीत आर-१३४ए हा गॅस असलेल्या गाडीत इंजिन आयडलला असताना निळा काटा (कमी दाबाची बाजू) साधारण २५ ते ४५ पीएसआय आणि लाल (जास्त दाबाची बाजू) १५० ते २५० दाखवतो. कडक उन्हात लाल आणखी वर जातो. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर, तर गॅस जास्त झालाय किंवा कंडेन्सर नीट थंड होत नाही. निळा वर आणि लाल खाली, तर बहुधा कॉम्प्रेसर थकलाय. तिथे गॅस भरणं म्हणजे पैसे पाण्यात.

नुसता टॉप-अप स्वस्त असतो आणि अर्ध्या तासात होतो. अडचण अशी की आत किती शिल्लक आहे हे न मोजताच वर भरलं जातं. छोट्या गाडीत एकूण गॅसच ४०० ते ५०० ग्रॅमच्या आसपास मावतो. नेमका आकडा सहसा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. शंभरेक ग्रॅम जास्त झाला तरी दाब वाढतो आणि गारवा उलट घटतो. शिवाय कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं. गॅस गळत राहिला की ऑइलही कमी होतं, आणि मग कॉम्प्रेसर जाम. तो खर्च कितीतरी मोठा.

लीकेज शोधायला वेळ लागतो, पण खुणा असतात. जॉइंटवर तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर बहुतेक तिथूनच गळतंय. नाहीतर नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावतात, किंवा डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) टाकून यूव्ही टॉर्चने बघतात. काही जण पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम टिकतो का ते बघतात; पण "व्हॅक्यूम धरला, म्हणजे लीकेज नाही" यावर मी विसंबणार नाही. बारीक छिद्र दाबाखालीच उघडं पडतं. जॉइंटमधली रबरी ओ-रिंग गळत असेल तर किरकोळ काम. डॅशबोर्डमागची, हवा गार करणारी कूलिंग कॉइल गळकी निघाली तर बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून तिथे जुनी कॉइल वेल्डिंग करून बसवू नका, नवीनच टाका. डबीतलं लीक-सीलंट तर नकोच, ते एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस सोडणारा बारीक व्हॉल्व्ह) तुंबवू शकतं.

माझा हिशेब असा: गाडी सात-आठ वर्षांची, एसीला कधी हात लागलेला नाही आणि गारवा हळूहळू कमी झालाय, तर उरलेला गॅस काढून, व्हॅक्यूम मारून, वजनावर भरून घ्या. गेल्याच वर्षी भरला असेल तर लीकेज काढल्याशिवाय भरू नका.

कंपनीचं वर्कशॉप की एसीवाला? वजनावर भरणारं मशीन आणि नायट्रोजन ज्याच्याकडे असेल तो. किती ग्रॅम निघाला आणि किती भरला, ते बिलावर लिहून घ्या. पुढच्या वेळी किती गळालाय ते त्यावरूनच कळेल.