आयफोन की अँड्रॉइड: सोलापुरात फोन घेण्याआधी

नवी पेठेत फोन घ्यायला निघण्याआधी घरात वाद होतो तो बहुतेक कॅमेऱ्यावरून. कॉलेजात जाणाऱ्या पोराला आयफोन हवा असतो आणि वडिलांसाठी 'कुठला तरी स्वस्तातला बघू' असं ठरतं. मला हे उलटं वाटतं. घरात एकच आयफोन परवडत असेल, तर त्याची गरज वडिलांना जास्त आहे.

कारण एपीके (.apk) फाइली, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप टाकायच्या फाइली. व्हॉट्सॲपवर आरटीओच्या चलनाचा मेसेज येतो, नाहीतर लग्नपत्रिका म्हणून फाइल येते. नावाच्या शेवटी एपीके लिहिलेलं असतं, पण तिकडे कोण बघतं? फाइल उघडली, फोनने परवानगी विचारली, 'अलाउ' दाबलं, की आपले एसएमएस ओटीपीसकट भलत्याच माणसाला दिसू लागतात. प्ले स्टोअरच्या बाहेरचं ॲप टाकता येणं ही अँड्रॉइडची मोकळीक, आणि भामटे शिरतात तेही तिथूनच. आयफोनवर एपीके चालतच नाही. आपल्याकडे त्यावर ॲप येतं ते ॲप स्टोअरमधून, आणि त्या ॲपला आपले एसएमएस सरसकट वाचता येत नाहीत. फोन करून गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्यापुढे मात्र दोन्ही फोन सारखेच.

वडिलांना अँड्रॉइडच द्यायचा असेल, तर हातात देण्याआधी सेटिंगमध्ये 'अननोन ॲप्स' शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स या तिन्हींपुढची परवानगी बंद करा. हे काम दुकानदार करून देत नाही, आपणच करायचं.

आता पैशाचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने आयफोन १६ई आणला, तो त्या वर्षीच्या आयफोनांत स्वस्तातला, तरी तेव्हा किंमत ५९,९०० रुपये होती. तुमचं बजेट वीस-पंचवीस हजारांचं असेल तर प्रश्नच मिटला, अँड्रॉइड घ्या आणि मनात काही ठेवू नका. यूपीआय, मॅप, व्हिडिओ, पोरांचा अभ्यास सगळं त्यात नीट होतं. केवळ लोगोसाठी दोन वर्षांचा हप्ता डोक्यावर घेऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

खर्च वर्षांत वाटून बघितला की चित्र थोडं बदलतं. आयफोन ज्यावर चालतो ती सिस्टीम म्हणजे आयओएस. सप्टेंबर २०२५ चं आयओएस २६ हे २०१९ च्या आयफोन ११ वरही चालतं. अँड्रॉइडमध्ये गूगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचं वचन आहे, पण ते महागाचे फोन. स्वस्तातल्या मॉडेलला सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार, ते कंपनीच्या साइटवर मॉडेलचं नाव टाकून बघा. दुकानातल्या तोंडी उत्तरावर जाऊ नका.

चादर-टॉवेलचा किंवा युनिफॉर्मचा धंदा असेल तर माझा कौल सरळ अँड्रॉइडला. एक नंबर घरचा, एक ऑर्डरीचा, अशी दोन सिम साधी टाकता येतात. आयफोनमध्ये दुसरा नंबर ईसिमवर, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणाऱ्या सिमवर, घ्यावा लागतो. ऑर्डर फोनवरच ठरते, म्हणून कॉल रेकॉर्डिंग लागतं. काही अँड्रॉइड कंपन्यांच्या फोनमध्ये ते आपोआप होतं. आयफोनला ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, तीही दर कॉलला बटण दाबून, आणि समोरच्याला तशी सूचना ऐकू जाते. शिवाय आपल्या शहरात घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, अक्कलकोटकडच्या पाहुण्यांशी कन्नड असं चालतं. अँड्रॉइडवर गूगलच्या कीबोर्डने तिन्ही भाषांत बोलून टाइप होतं. आयफोन घेणार असाल तर आपल्या भाषेत दुकानातच बोलून बघा.

उन्हाचं म्हणाल तर दोघांत डावं-उजवं नाही. ॲपल आणि सॅमसंग दोघेही ३५ अंशांपर्यंतच्या हवेत फोन वापरा म्हणतात, आणि आपला मे चाळिशी ओलांडतो. गाडीच्या हँडलला फोन लावून भर दुपारी सात रस्त्याला सिग्नलवर उभं राहू नका. मोठ्या मोटारसायकलींच्या हादऱ्याने कॅमेरा बिघडू शकतो, असंही ॲपलने सांगून ठेवलंय.

सेकंडहँड आयफोनचा मोह झाला तर विकणाऱ्याला त्याचा ॲपल आयडी (फोनमधलं त्याचं ॲपलचं खातं) तुमच्यासमोर काढायला लावा, नाहीतर फोन लॉकच राहील. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, घ्या आणि इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून, जागा सोडून, तो नंबर १४४२२ वर एसएमएसने पाठवा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळतं.

अँड्रॉइड सोडून आयफोनवर जाताना व्हॉट्सॲपच्या जुन्या गप्पा हव्या असतील, तर 'मूव्ह टू आयओएस' ॲपने नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच त्या हलवा. आधी फोन वापरायला घेतलात, तर तो पुन्हा पूर्ण पुसावा लागतो.