शेवटचा शनिवार: ओहायो स्टेट की मिशिगन?

माझा भाचा ऑगस्टमध्ये टोलीडोला शिकायला आला. नोव्हेंबर सरता सरता त्याचा फोन आला, "मामा, शनिवारी कुठल्या रंगाचा टी-शर्ट घालू?" नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी दोन विद्यापीठांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना असतो: कोलंबसचं ओहायो स्टेट लाल रंगाचं, ॲन आर्बरचं मिशिगन निळ्या. क्रिकेटवर वाढलेला मुलगा, पण तीन महिन्यांत डाउन (चेंडू पुढे नेण्याचा एकेक प्रयत्न) आणि यार्ड त्याला पाठ झालेत. खेळ समजावायची गरज नाही, अडलंय ते बाजूपाशी.

टोलीडोत हा प्रश्न जरा जास्तच अवघड होतो. गाव ओहायोचं, पण मिशिगनचं ॲन आर्बर इथून तासाभरावर आणि आपल्याच राज्याचं कोलंबस अडीच तासांवर. १८३५ मध्ये याच पट्ट्यावरून दोन्ही बाजूंची माणसं हत्यारं घेऊन समोरासमोर उभी ठाकली होती. शेवटी टोलीडो ओहायोला मिळालं आणि मिशिगनच्या पदरात वरचा द्वीपकल्प पडला. आमच्या गल्लीत एका घराच्या ओसरीवर दोन्ही झेंडे लागतात. नवरा एका बाजूचा, बायको दुसऱ्या.

मी आठ वर्षं कोलंबसला राहिलो आणि नंतर इकडे आलो. दोन्ही मैदानांवर थंडीत कुडकुडत सामने पाहिलेत. त्या जोरावर लिहितोय, आकडेमोडीच्या नाही.

निव्वळ खेळ पाहायचा तर ओहायो स्टेटला नाकारणं कठीण आहे. रिसीव्हर, म्हणजे लांबून फेकलेला चेंडू झेलणारे खेळाडू, घडवण्यात त्यांचा हात धरणारं कॉलेज मला तरी दिसत नाही. गॅरेट विल्सन, ख्रिस ओलावे, स्मिथ-एन्जिग्बा, मार्विन हॅरिसन ज्युनिअर, एकामागून एक सगळे ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीच्या, पहिल्या फेरीत गेले. चेंडू हवेत असताना कोलंबसचं अख्खं स्टेडियम जागच्या जागी उभं राहतं, तो क्षण मला अजून आठवतो. मिशिगनचा खेळ याच्या उलट. ओळीतल्या धिप्पाड पोरांनी वाट करायची आणि मागच्याने चेंडू घेऊन घुसायचं. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं, त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पण २०२१ च्या बर्फात हसन हॅस्किन्सने पाच टचडाउन केले तेव्हा मी टीव्हीसमोरून हललो नव्हतो. २०२४ मध्ये तर मिशिगनचं पासिंग, म्हणजे चेंडू फेकून खेळणं, नावापुरतंच होतं. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर, मिशिगन क्रमवारीतसुद्धा नाही, आणि सामना कोलंबसला. तरी १३-१० ने जिंकले. हातात इतके रिसीव्हर असताना ओहायो स्टेट पुन्हा पुन्हा मधल्या भिंतीवरच का धडकत राहिलं, हे मला आजही उमगलेलं नाही.

त्याच ओहायो स्टेटने पुढे जानेवारीत नोत्र दामला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. विजेतेपदासाठीच्या बाद फेरीत, प्लेऑफमध्ये, बारा संघ घ्यायला लागल्यापासून नोव्हेंबरची हार म्हणजे हंगाम संपला असं राहिलेलं नाही. हे भाच्याला मी मुद्दाम सांगितलं. वर्षअखेर करंडक हवा असेल तर लाल रंगाकडे झुकायला भरपूर कारणं आहेत.

जय-पराजयाचा हिशेब मांडायला बसलं तर ज्याला जे हवं ते सापडतं. एकूण गोळाबेरजेत मिशिगन पुढे. पण २०१२ ते २०१९ सलग आठ सामने ओहायो स्टेटचे. त्यातला २०१६ चा दोन जादा डावांपर्यंत गेलेला, जिथे चौथ्या, म्हणजे शेवटच्या डाउनवर ओहायो स्टेटचा बॅरेट चेंडू घेऊन हव्या त्या रेषेपर्यंत पोचला की नाही यावरून अजून जेवणाच्या टेबलावर आवाज चढतात. मग मिशिगनचे ओळीने चार, आणि २०२५ मध्ये ॲन आर्बरला २७-९ ने ती साखळी तुटली. डागांचंही तसंच. ओहायो स्टेटचे २०१० चे विजय नोंदीतून पुसले गेले, मिशिगनचं २०२३ मध्ये समोरच्या संघाच्या खुणा चोरण्याचं प्रकरण गाजलं आणि त्यांचा प्रशिक्षक हार्बॉ याला शेवटचे तीन साखळी सामने बाहेर बसावं लागलं. मिशिगनच्या विजेतेपदाच्या वर्षाला लागलेला तो डाग मला टोचतो, आणि तो मी झाकणार नाही.

मैदानाचं म्हणाल तर ॲन आर्बरचं स्टेडियम, बिग हाउस, जमिनीत खोदलेलं आहे. रस्त्याच्या पातळीवरून आत शिरता आणि एकदम पायांखाली लाखभर माणसं दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पायरीवरच थांबलो होतो, मागच्यांनी ढकललं म्हणून पुढे सरकलो. बाकं मात्र अरुंद. जाड कोट घातलेली चार माणसं तिघांच्या जागेत कशीबशी मावतात. कोलंबसचं स्टेडियम, हॉर्सशू, उभं चढत जातं, त्यामुळे आवाज आत कोंडतो आणि छातीत घुमतो. आवाजाच्या बाबतीत कोलंबस पुढे, माझ्या कानांचा तरी कौल तोच.

बँडमध्येही कोलंबसच पुढे, आणि बरंच पुढे. १९३६ पासून ते चालता चालता मैदानावर वळणदार अक्षरात 'ओहायो' लिहितात आणि शेवटी सूझाफोन हे भलंमोठं पितळी वाद्य वाजवणारा एकटा ऐटीत जाऊन इंग्रजी आयच्या डोक्यावरचा ठिपका होतो. माझ्या आईला सांगलीत यातलं काहीच कळत नाही, पण तो ठिपका पाहायला ती रात्री साडेदहाला टीव्हीसमोर बसलेली आहे. ते नुसतं पाहून कुणी ओहायो स्टेटचा झाला तर मी त्याला दोष देणार नाही. मी स्वतः झालोच होतो. आठपैकी सहा वर्षं लाल टोपी घालत होतो.

मग ती 'म'ची गोष्ट झाली.

कोलंबसला या सामन्याच्या आठवड्यात इंग्रजी एम अक्षर दिसेल तिथे लाल फुली मारतात. कॉलेजच्या आवारातल्या पाट्यांवर, इमारतींच्या नावांवर लाल पट्ट्या चिकटतात. गमतीचीच प्रथा आहे, आणि मला ती आवडायचीही. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिचं नाव 'म'वरून. शाळेत कोट अडकवायच्या खुंटीवर तिने स्वतःच्या अक्षरात नाव लिहून, भोवती फुलं काढून लावलं होतं. त्या सोमवारी कुणीतरी सगळ्या एमवर फुल्या मारल्या, तिच्याही. ती घरी आली, दप्तर ठेवलं आणि विचारलं, "बाबा, मी माझं नाव चुकीचं लिहिलंय का?"

लाल फुली म्हणजे चूक, हे मीच तिला घरी मराठी गिरवून घेताना शिकवलं होतं. सगळ्यांच्याच नावावर मारलीय, गंमत आहे, असं मी समजावलं. तिने मान हलवली. रात्री नवा कागद घेऊन बसली आणि नाव पुन्हा लिहिलं, या वेळी फुलांशिवाय.

कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कदाचित दुसऱ्या घरात हीच गोष्ट हसण्यावारी गेली असती. मिशिगनवालेही काही साधुसंत नाहीत. मुद्दाम 'स्टेट' गाळून नुसतं 'ओहायो' म्हणतात, आणि समोरचा चिडला की खूश होतात. पण समोरच्याचं अक्षरच खोडून टाकायचं, त्याचं नाव तोंडातून काढायचंच नाही, वरच्या अंगाचं ते राज्य एवढंच म्हणायचं, हे मला त्यानंतर पचलं नाही. पुढच्या वर्षी लाल टोपी कपाटातून निघालीच नाही. ॲन आर्बरचे सामने पाहू लागलो, आधी तटस्थपणे, मग तसा राहू शकलो नाही.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं आणि वर हेही सांगितलं की तुझ्या घरात तशी खुंटी नाही. वेगवान खेळ, बँड, आवाज आणि चषकाची जास्त शक्यता हवी असेल तर लाल घे. खोदलेल्या मैदानात खाली उतरतानाचा तो क्षण आणि रेटून जिंकलेले यार्ड आवडत असतील तर निळा. टोलीडोत दोन्ही खपतं.

शनिवारी तो अकरापर्यंत आमच्याकडे येईल. दिवाळीचा चिवडा अजून डब्यात आहे, सामना बाराला. खिडकीजवळच्या खुर्चीत त्याची मामेबहीण आधीच बसलेली असेल. ती आता बारावीत आहे, आणि तिच्या निळ्या हुडीवर छातीभर पिवळा एम आहे.