मालकाकडून थेट घेतलेली जुनी गाडी आठवड्यात बिघडली: दुरुस्तीचे अर्धे पैसे मागायचे, गाडी परत करायची, कोर्टात जायचं की सोडून द्यायचं?

पैसे दिले, कागद नावावर झाले आणि आठव्या दिवशी टेम्परेचरचा काटा लाल रेघेवर. मी या भांडणात दोन्ही बाजूंनी अडकलोय, एकदा घेणारा म्हणून, एकदा विकणारा म्हणून. त्यावरून सांगतो, खर्च किती आला ते बघून मार्ग निवडू नका, विकणाऱ्याला हे आधी माहीत होतं का आणि ते तुम्हाला दाखवता येतं का ते बघा.

क्लच, टायर, बॅटरी, ब्रेक पॅड हे झिजणारच, जुनी गाडी घेतली म्हणजे ते आपण मान्य केलं. त्यात शोरूम किंवा डीलरकडून घेतली तर ग्राहक कायद्याचा जो आधार असतो तो घरगुती विकणाऱ्याच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी मिळत नाही, तो काही गाड्या विकायचा धंदा करत नाही ना. पण विचारल्यावर खोटं सांगितलं, म्हणजे अपघात लपवला, मीटर मागे फिरवला, तर गोष्ट वेगळी होते.

म्हणून कुठलाही मार्ग असो, गाडी आहे तशी उभी ठेवा. दुरुस्त करून मग भांडायला गेलात तर पुरावा भंगारात गेलेला असतो. गाडी तापत असेल तर तशीच पळवूही नका, नंतर तो म्हणेल की तुम्हीच इंजिन घालवलंत, आणि त्याला चूक म्हणता येणार नाही. तिऱ्हाईत मेकॅनिककडून तपासून लेखी घ्या. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, गेल्याचा संशय असेल तर कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीच्या तोंडाशी निळं लिक्विड धरून टेस्ट करतात, पेट्रोल गाडीत ते पिवळं झालं की जळलेला गॅस कूलंटमध्ये येतोय हे कळतं. आणि स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यात नोंदलेले बिघाड वाचणारं यंत्र, नक्की लावा. एरर कोड (बिघाडाच्या नोंदी) क्लिअर केल्यावर गाडी किती किलोमीटर चालली हे बऱ्याच गाड्यांत दिसतं. माझ्या गाडीत ४३ दिसलं! म्हणजे मी बघायला जायच्या जरा आधीच कोणीतरी चेक इंजिनची लाईट घालवली होती.

आता दुरुस्तीचे अर्धे पैसे मागणं आणि गाडी परत करणं, खरी निवड या दोघांतच असते. अर्धे मागणं सोपं, एका फोनवर किंवा चार मेसेजवर निभावतं आणि विकणाऱ्यालाही आपण चोर ठरलो असं वाटत नाही. मी त्या ४३चा फोटो पाठवला, सोबत दोन गॅरेजची कोटेशनं, शिवी एकही नाही, दोन दिवसांनी तो अर्धा खर्च द्यायला तयार झाला. तोट्याची बाजू म्हणजे गॅरेजवाल्याने इंजिन उघडल्यावर बिल दुप्पट झालं तर पुन्हा मागायला तोंड राहत नाही, त्यामुळे रक्कम ठरवायच्या आधी उघडून बघायला सांगा.

परत करणं ऐकायला साफ वाटतं पण जमतं क्वचित. त्याने ते पैसे बहुतेक दुसऱ्या गाडीत घातलेले असतात, नाव पुन्हा बदला, विमा बदला, आणि मधल्या काळात तुम्ही हजार किलोमीटर चालवली असेल तर त्याचं काय. तरी चेसिस (गाडीचा सांगाडा) वाकलेलं, पुरात बुडालेली किंवा मीटर फिरवलेली गाडी निघाली तर मी परतच करीन, कारण अशा गाडीला अर्धा खर्च मिळून काही होत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पाण्यात गेलेल्या गाडीत तिथे कधीकधी चिखलाची रेघ राहिलेली असते. अशा वेळी रोज थोडं थोडं चालवत बसू नका, कळलं त्या दिवशीच लेखी कळवा.

कोर्ट. जाहिरातीत "अपघात नाही" असं लिहिलेलं आहे, तिचा स्क्रीनशॉट आहे, मेकॅनिकचं लेखी आहे आणि रक्कम मोठी आहे, हे सगळं असेल तरच. नुसतं तोंडी बोलणं झालं असेल तर वेळ, फी आणि मनस्ताप धरून हिशोब करा. नोटीस मात्र कोर्टापेक्षा स्वस्त असते आणि कधीकधी तेवढ्यावरच समोरचा बोलायला येतो. पण सौद्याच्या कागदावर "जशी आहे तशी" लिहून सही केली असेल तर खटला बराच अवघड, उघड खोटं सिद्ध करता आलं तरच काही हातात.

आता विकणाऱ्याची बाजू. मी विकलेल्या गाडीचा क्लच तीन आठवड्यांत गेला, त्या माणसाने मला फसवा म्हटलं, नंतर कळलं की घरातलं शिकाऊ पोरगं चढावर गाडी क्लचवर धरून उभं राहायचं. मी काही दिलं नाही. टेस्ट ड्राइव्हला त्यानेच चढावर चालवून बघितली होती आणि तसं मेसेजमध्ये लिहिलंही होतं, तो एक मेसेज नसता तर बहुतेक कटकट नको म्हणून पैसे देऊन बसलो असतो.

सोडून देणं कधी? बिल लहान असेल, झीज असेल किंवा पुरावा काहीच नसेल तेव्हा. तिथे फोन करून फक्त आपलंच रक्त आटतं. फक्त दुरुस्त न करता ती गाडी पुढे विकायला काढलीत तर बिघाड लिहून सांगा, कारण आता आधीपासून माहीत असलेले तुम्ही आहात.