प्लेट चिलखत: हाफलिंगला की ड्वार्फला?

गंगापूर रोडवर रविवारी डाव मांडला की हा वाद हमखास निघतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या भूमिका-खेळाच्या 2014 च्या नियमांत प्लेटचं वजन 65 पाउंड, एसी (वार चुकवणारा बचावाचा आकडा) 18, आणि ताकद 15 लागते.

ताकद 13 असलेला हाफलिंग (बुटक्या, लहान चणीच्या जमातीचा) फायटर, म्हणजे लढवय्या, 195 पाउंड उचलतो, त्यामुळे ओझ्यावर काही अडत नाही. अडतं ते पायांत, कारण ताकद 15 पेक्षा कमी: वेग 25 वरून 15 फूट, नकाशावर पाचाऐवजी तीनच घरं. तोवर धनुर्धारी दोनदा बाण सोडून मोकळा! ग्रेटस्वोर्ड, म्हणजे दोन हातांची जड तलवार, घेतली तर लहान चणीमुळे प्रत्येक वाराला डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा). लाँगस्वोर्ड-ढाल बरी, एसी 20.

तेवढ्याच ताकदीच्या ड्वार्फचा (ठेंगण्या पण दणकट जमातीच्या पात्राचा) वेग जड चिलखतात घटतच नाही. लपताना मात्र दोघंही खणखणतात. हाफलिंगच हवा असेल तर चेनमेल (कड्यांचं चिलखत) घ्या: एसी 16, ताकद 13 पुरते.